जनूबाबांचे नऊ पट्टे

जनूबाबा फोनवर "हॅलो" म्हणत नाहीत. आधी खाकरतात, मग समोरच्याने फोन उचललाय की नाही याची वाट न बघता बोलायला लागतात. "जयदेव, सात हायत. सात. उगा गाड्या काडत बसू नको." आणि कट. निरोप संपला की फोन संपला. "ठेवतो" नाही, "जेवलात का" नाही.

जयदेव म्हणजे माझे पप्पा. सात म्हणजे पट्टे. आणि जनूबाबांचं ते खाकरण्यापासून कटपर्यंतचं सगळं मी सातवीत असल्यापासून हुबेहूब करते, हे चौथ्या मजल्यावरची किर्ती सोडली तर बिल्डिंगमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. माहीत असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

आमची बिल्डिंग मांजर्लीत, सात मजली. मागे एक पडीक शेत, शेताच्या पलीकडे उल्हास नदी. नदीकाठी शेतीच्या पाण्यासाठी बांधलेलं एक जुनं पंपघर आहे. पंप कधीच गेला, भिंत राहिली. त्या भिंतीवर जनूबाबांनी नऊ लाल पट्टे ओढलेत, एकाखाली एक, दोन पट्ट्यांमध्ये हातभर जागा. २००५ च्या पुरानंतर पहिल्यांदा ओढले. तेव्हापासून दर वर्षी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ते शिडी घेऊन जातात, भिंतीला चुना लावतात आणि वर ऑइलपेंटने पट्टे. त्यांना कोणी सांगितलेलं नाही. नगरपालिकेनेही नाही, आमच्या सोसायटीनेही नाही.

पट्टे वरून मोजायचे. नवीन भाडेकरूंना हे कळायला एक पावसाळा जातो. पाणी किती चढलं ते मोजायचं नाही, कोरडे किती उरले ते मोजायचं. सहा उरले की गाड्या पुलाच्या चढावर नेऊन लावायच्या. चार उरले की तळमजला रिकामा. दोन उरले की पोराबाळांना घेऊन वरच्या मजल्यावर जायचं आणि गप बसायचं.

"खालून का नाही मोजत, बाबा?" मी लहानपणी विचारलं होतं.

"खालचं पान्यात गेलं. पान्यात गेलेलं कोन मोजनार, तुजा बापूस? जे उरलंय ते मोजायचं."

त्यांचा आजा खाडीकडे मिठागरावर कामाला होता. तिथे भरती बघायला एक खुंट रोवलेला असायचा, त्याला खाचा. खाचा वरून मोजायच्या आणि ओरडून सांगायचं. तोच हिशेब बाबांनी नदीला लावला. ओरडायच्या जागी त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. ते पप्पांना फोन करतात, पप्पा फोन स्पीकरवर टाकून ममीच्या मोबाइलने तो आवाज रेकॉर्ड करतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर सोडतात. पप्पांनी स्वतः टाइप करून बघितलं होतं एकदा, "जनूभाऊ म्हणतात सात". त्यावर पंधरा जणांनी विचारलं, नक्की का. आवाज टाकला की कोणी विचारत नाही. बाबांचा आवाजच तसा आहे, फरशीवर पाटा ओढल्यासारखा. त्यात शंकेला जागा नसते.

आमच्या बिल्डिंगची जागा पूर्वी त्यांच्याच घरची. पार्किंगमध्ये आले की ते खांब दाखवून सांगतात, "हितं माजा खालचा वाफा. तुमच्या लिफ्टमंदी बेडूक बसायचं." सेक्रेटरी राऊतकाका अशा वेळी घड्याळात बघतात. जमीन गेल्याचं दुःख बाबांच्या बोलण्यात मी कधी ऐकलं नाही. मात्र वाफ्यात पाणी शिरायला नको, एवढं त्यांच्या अंगात राहिलं असावं. वाफ्यावर आता माणसं राहतात, एवढाच फरक.

यंदा जूनमध्ये पप्पांनी नवा फोन घेतला. माझा मामेभाऊ अल्पेश उल्हासनगरला मोबाइलच्या दुकानात आहे, त्याच्याकडून. खोक्यावर छापलं होतं, शंभर एक्स झूम. मी तो घेऊन गच्चीवर गेले आणि तासभर खाली आले नाही. आमच्या गच्चीवरून पंपघर म्हणजे करंगळीच्या नखाएवढा पांढरा ठिपका. मी तीस एक्स केलं. एक सेकंद सगळं धुरकट दिसलं, मग फोनने आत काहीतरी खाटखूट केली आणि फोटो उघडला तर भिंत समोर. पट्टे लाल, कडा ब्लेडने कापल्यासारख्या. नऊच्या नऊ.

मी तसाच फोन घेऊन बाबांच्या घरी गेले. ते ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. विठाआजी, म्हणजे त्यांची बायको, शेजारी तांदूळ निवडत होती.

"बाबा, आता तुम्ही चिखलातून जायची गरज नाही. घरबसल्या पट्टे."

त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"यो कुटून काडलास?"

"गच्चीवरून."

"आनि पानी कुठं हाय?"

"हे काय, खाली."

"यो पानी नाय. यो शाडू लिपलाय कोनीतरी." त्यांनी स्क्रीनवर अंगठा फिरवला, तसा फोटो पुढे सरकला आणि माझा सेल्फी आला. त्यांनी घाईघाईने फोन आजीकडे दिला. "पानी हालतं, पोरी. यात हालत नाय."

"फोटोत कसं हालेल, बाबा?"

"तेच म्हनतंय मी."

आजी म्हणाली, "पोर एवढ्या कौतुकानं दावतेय तर बगा की धड. तुमचा गुडगा वाचंल." मी घरी येऊन किर्तीला व्हिडिओ कॉल केला आणि सगळं करून दाखवलं, शाडू आणि हालत नाय आणि गुडगा. ती हसून हसून पलंगावरून खाली पडली.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात गुरुवारपासून पाऊस लागला. शुक्रवारी संध्याकाळी बाबांचा आवाज ग्रुपवर आला, सात. शनिवारी सकाळच्या निरोपात सहा पट्टे. गाड्या चढावर गेल्या. मग साडेआठला बाबा स्वतः आमच्या दारात आले, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून.

"जयदेव कुठं?"

"झोपलेत. तिसरी पाळी होती."

"मग तुना सांगतंय. आजीच्या डोल्याची पट्टी सोडायची हाय अंबरनाथला, आज नाय गेलं तर त्यो डॉक्टर सोमवारपर्यंत नाय. बाराला मी येतंय. तवर तू बग. म्हसोबाच्या ओट्यावर जा, तितून साध्या डोल्यांनी दिसतं. म्होरं जाऊ नको. दर तासाला एकदा. वरून मोज आनि ग्रुपवर सांग. समजला?"

"हो, बाबा."

"वरून."

"हो, माहितेय."

त्यांनी मला काम दिलं होतं. आजवर त्यांनी ते कोणाला दिलं नव्हतं, स्वतःच्या जावयालाही नाही. मी त्या वेळी काय विचार करत होते ते सांगते. मी विचार करत होते की म्हसोबाचा ओटा दहा मिनिटांवर आहे, वाटेत घोटाभर चिखल आहे आणि माझे शूज नवीन आहेत, पांढरे.

साडेनऊला पाऊस जोरात होता, मी गेले नाही. दहा चाळीसला तो थांबला. आभाळ एकदम उजळलं, वारा पडला. मी गच्चीवर गेले, आधी साधा एक फोटो काढला, मग तीस एक्स. फोनने पुन्हा खाटखूट केली. भिंत समोर आली. मी वरून मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच पट्टे, लख्ख. पाचव्याच्या खाली तपकिरी पाणी, सपाट, घोटलेलं. मी दोनदा मोजले. आळस केला, पण मोजणीत चुकले नाही, हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं असेल.

खाली ग्रुपवर विचारपूस सुरू झाली होती. "जनूभाऊंचा मेसेज नाही आला?" "काय म्हणतात जनूभाऊ?" मी फोटो टाकला आणि खाली लिहिलं, पाच. लगेच राऊतकाकांचा प्रश्न, "हे जनूभाऊंनी सांगितलं आहे का?" मी चिडले. फोटो समोर आहे, मोजा ना. किर्ती फोनवर होतीच, ती म्हणाली, "अगं, यांना फोटो नको, यांना पाटा हवा. दे ना ओढून."

मी खाकरले. रेकॉर्डचं बटण दाबलं. "जयदेव, पाच हायत. पाच. निवांत बसा. चा प्या." कट.

दोन मिनिटांत अंगठेच अंगठे. किर्ती तिकडे तोंडात उशी कोंबून हसत होती. मला इतका आनंद झाला होता की मी गच्चीवर एकटीच दोन्ही हात वर करून नाचले. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण नाचले होते.

सव्वाबाराला तळमजल्यावर पाणी आलं. पुढून आलं नाही. आधी संडासातून आलं, गुळगुळ आवाज करत, मग मोरीतून, मग उंबऱ्यावरून. तळमजल्यावर शून्य-दोनमध्ये बकुळामावशी राहतात. साताऱ्याकडच्या, नवरा नाही, एक मुलगा पुण्याला. उल्हासनगरच्या एका कपड्याच्या व्यापाऱ्याकडून शाळेच्या शर्टांचे कापलेले गठ्ठे आणायचे आणि शिवून द्यायचे, हे त्यांचं काम. दोन मशीन, दोन्हींना मोटर. चार पट्टे असं ऐकलं असतं तर त्या गठ्ठे जिन्यात नेणार होत्या, दर वर्षी नेतात. त्या दिवशी पाच ऐकले, चहा ठेवला आणि पुढची बाही जोडायला बसल्या.

पप्पांनी आणि मी त्यांना हाताला धरून वर आणलं तेव्हा पाणी मांडीपर्यंत होतं. पांढऱ्या शर्टांचे गठ्ठे सुटून खोलीभर तरंगत होते. एक बाही माझ्या पोटाला चिकटली.

"जनूभाऊ म्हणले होते पाच," मावशी जिन्यावर बसून म्हणत होत्या. ओरडत नव्हत्या. "आगं, पाच म्हणले होते ना? तू बी ऐकलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

बाबा एक वाजता आले. रस्त्यात पाणी होतं म्हणून रिक्षावाल्याने अलीकडेच सोडलं होतं, आजीचा हात धरून चालत आले. आजीच्या डोळ्यांवर हिरवा चष्मा. बिल्डिंगच्या पायऱ्यांवर माणसं उभी होती आणि सगळी त्यांच्याकडे बघत होती.

"काय जनूभाऊ," राऊतकाका म्हणाले, "चहा प्या म्हणालात, आम्ही प्यायलो. आता काय प्यायचं?"

बाबांना कळेना. बकुळामावशींनी आपला फोन काढला आणि तो आवाज लावला. खाकरणं, पाच हायत, निवांत बसा, चा प्या. बाबांनी मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाले, "परत लाव." परत लावला. ऐकताना त्यांचे डोळे एकेका माणसावरून फिरत माझ्यावर आले आणि थांबले. फार वेळ नाही. एखादा पट्टा बघायला लागतो तेवढाच.

"माजाच आवाज हाय," ते म्हणाले.

"मग चुकलं कसं?"

"चुकलं असंल. वय झालं."

पप्पांनाही वाटलं, आपण झोपेत असताना बाबांचा फोन आला आणि पोरीने तो रेकॉर्ड करून टाकला. त्यांनी मला विचारलंच नाही. मी सांगितलं नाही.

पाणी रविवारी ओसरलं. पुढचे तीन दिवस बाबा बकुळामावशींचे शर्ट आपल्या विहिरीवर धूत होते. मी रोज संध्याकाळी मदतीला जायचे. पांढऱ्या कापडातून नदीचा रंग निघत नाही. पिवळटपणा राहतोच. मावशी बाबांशी एक शब्द बोलत नव्हत्या. बादली हवी असली तरी मला सांगायच्या, "त्यांना म्हणावं बादली द्या." आणि बाबा द्यायचे. मी दोघांच्या मध्ये उभी, आणि माझ्या तोंडातून दोघांचे निरोप. इकडचे तिकडे, त्यांच्या त्यांच्या आवाजात नाही, अगदी सपाट. नक्कल कशी करायची ते मी त्या आठवड्यात विसरले होते.

गुरुवारी मावशींबरोबर उल्हासनगरला गेले, गठ्ठे उचलायला दुसरं कोणी नव्हतं. व्यापारी धर्मेशभाई गादीवर बसून एकाच वेळी फोनवर आणि आमच्याशी बोलत होते. त्यांनी एक शर्ट उचलून उजेडात धरला.

"बाई, ये सफेद है?"

"पानी आया था, शेठ."

"पानी आया था तो मुझे मालूम है. टीव्ही पे मैंने भी देखा. पर बच्चा ये पहन के प्रार्थना में खड़ा रहेगा तो टीचर बोलेगी, मुंह धो के आ." मग आवाज खाली आणून, "बारह साल में तुम्हारा एक टांका नहीं उधड़ा, बाई, मैं मना नहीं करता. पर अगला माल अभी रहने दो. मशीन ठीक करो, फिर देखेंगे."

बाहेर आल्यावर मावशी रसवंतीच्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, दोन मिनिटं थांब, मला चालवत नाही.

अल्पेशचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मावशींना तिथेच बसवून मी गेले. त्याला फोटो दाखवला आणि म्हणाले, यात पाच आहेत. खरे तीनच होते. मी नंतर म्हसोबाच्या ओट्यावरून बघितलं, भिंतीवर गाळाची सगळ्यात वरची रेघ दुसऱ्या पट्ट्याखाली आहे. त्या हिशेबाने दहा चाळीसलाच पाणी तिसऱ्याच्या खाली टेकलं असणार. मग हे दोन आले कुठून?

अल्पेश फोटो बघून हसला. "वरचे तीन ओरिजिनल. खालचे दोन तुझ्या फोनने दिले, फ्री."

"नीट सांग."

"देख. तीन एक्सपर्यंत काच बघते. खरी काच, खरं जवळ आणणं. त्याच्यापुढे काच संपली. मग फोन काय करतो, तोच फोटो मधोमध कापतो आणि ताणतो. ताणला की दाणे दिसतात, मग कस्टमर येऊन माझ्या डोक्यावर बसतो, फोटो फाटला म्हणून. तर फोन दाणे पुसतो, कडा काळ्या करतो आणि जिथे त्याला काही दिसतच नाही तिथे काय असेल ते भरतो."

"भरतो म्हणजे?"

"अंदाजाने. पाणी शांत होतं ना? भिंतीची सावली पडली पाण्यात, पट्ट्यांसकट. ती खरं तर हलत असणार, तुटक तुटक. फोनला वाटलं, हे वाकडंतिकडं म्हणजे कचरा, माझीच चूक. त्याने लाटा पुसल्या, रेघा सरळ केल्या, भिंत खाली वाढवून दिली. मदत केली तुला. साधा काढलेलास का एखादा?"

काढला होता. झूमच्या आधीचा, तो मी कोणाला दाखवलाच नव्हता, कारण तो भिकार होता. अल्पेशने तो बोटांनी मोठा केला. दाणेदार, मळकट, भिंत नखाएवढी. पण तीन पट्ट्यांखाली एक तिरपी चकाकी होती आणि तिच्या खाली लाल रंगाचे बारीक तुकडे, इकडेतिकडे विस्कटलेले. पाणी हलत होतं.

शनिवारी सकाळी हा फोटो माझ्याकडे होता. मी चांगला दिसणारा पाठवला.

परत येताना मला एवढंच सुचत होतं की फोनने जे भिंतीचं केलं तेच मी बाबांचं केलं. मला त्यांचा आकडा माहीत नव्हता, तिथे मी त्यांचा आवाज भरला, छान घोटून. फोनला निदान शूज नव्हते.

त्या रविवारी पार्किंगमध्ये सोसायटीची मीटिंग होती. भिंतीवर कमरेएवढी तपकिरी रेघ, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. बाबांनाही बोलावलं होतं, खुलासा करायला. ते त्यांच्याच जुन्या वाफ्यावर, लिफ्टच्या बाजूला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते.

राऊतकाका चष्मा लावून कागद वाचत होते. त्यांना घरीसुद्धा कागदावरूनच बोलावं लागत असेल. "विषय क्रमांक एक. पुराच्या पूर्वसूचनेबाबत. मागील आठवड्यातील शनिवारी प्राप्त झालेली सूचना चुकीची निघाल्याने, यापुढे सभासदांनी श्री. जनू यांच्या पट्ट्यांवर विसंबू नये, तसेच त्यांचा निरोप ग्रुपवर टाकू नये, असा ठराव मांडण्यात येत आहे. सूचक मी. अनुमोदक?"

तीन हात वर झाले. मग सहा. पप्पांचा हात खाली होता, पण ते जमिनीकडे बघत होते. बाबांनी खिशातून रुमाल काढला, घडी उलगडली, परत घातली आणि परत खिशात ठेवला. दोन हजार पाचपासूनचं सगळं त्या घडीत गेलं असं मला वाटलं. पुढच्या मे महिन्यात ते शिडी घेऊन जातील का, आणि गेले तर कोणासाठी.

"तो आवाज माझा होता," मी म्हणाले.

राऊतकाकांनी चष्म्यावरून बघितलं. "बाळ, मोठ्यांचं चाललंय."

"फोटो मी गच्चीवरून काढला, झूम करून. बाबांनी मला ओट्यावर जायला सांगितलं होतं. मी गेले नाही. ते अंबरनाथला होते, त्यांनी फोनच केला नव्हता. आवाज मी काढला."

कोणीतरी मागून म्हणालं, "म्हाताऱ्याला वाचवतेय पोरगी, चांगलंय." एक-दोघं कौतुकाने हसले. विश्वास कोणीच ठेवला नाही. पप्पा म्हणाले, "उन्नती, खाली बस." बाबा मान हलवत होते, नको म्हणून, अगदी बारीक.

मग दुसरा इलाजच राहिला नाही. मी खाकरले. पहिल्यांदा नीट जमलं नाही, म्हणून परत खाकरले. "जयदेव, पाच हायत. पाच. निवांत बसा. चा प्या."

पाटा सरकावा तसा आवाज पार्किंगभर फिरला आणि ज्यांचा तो होता ते समोर तोंड मिटून बसलेले. इतकी चांगली नक्कल माझ्याकडून पुन्हा होणार नाही. कोणी हसलं नाही. वर किर्तीच्या गॅलरीत किर्ती उभी होती, ती आत गेली.

पप्पा उठले आणि बाबांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभे राहिले. माझ्याशेजारी नाही.

बकुळामावशी म्हणाल्या, "फोटो तर मी बघितला बी नव्हता. चष्म्याशिवाय मला दिसतंय कुठं. मी त्या आवाजावर शिवत बसले होते." त्या माझ्याकडे बघत होत्या, पहिल्यांदाच. "आणि तीन दिवस माझ्यासंगं कपडे पिळत होतीस."

"सॉरी" तोंडात आलं होतं, पण ते बाहीएवढंही नव्हतं.

"जनूभाऊ, तुम्ही का म्हणालात तुमचा आवाज आहे म्हणून?" पप्पांनी विचारलं.

"मापाला मानूस मी ठेवला," बाबा म्हणाले. "ठेवनारा मी. मग चुकलं कोन?" आणि म्हणाले, "आनि आवाज माजाच होता की. मी आयकला ना. पर चा प्या असा मी कवाच म्हनत नाय. पूर आला आनि चा काय प्या?"

राऊतकाकांनी कागदावरचा ठराव खोडला. खोडताना म्हणाले, "ठीक. जनूभाऊंचे पट्टे कायम." मग पेन हातातच ठेवून, "फक्त एक. आवाज ग्रुपवर नको आता. कोणाचा आहे कळायचं कसं?"

"मला आवाज नकोच," बकुळामावशी म्हणाल्या. "तोंड दिसलं पाहिजे. माझ्या दारात येऊन सांगा."

तळमजल्यावरचे सगळे हो म्हणाले. बाबांनीही मान डोलावली. त्यांच्या गुडघ्याचा विचार कोणी केला नाही. मी केला, पण बोलायचा हक्क मी घालवून बसले होते.

पप्पांनी मला मोबाइल वापरायला बंदी केली, ती ठीक आहे. बकुळामावशींची एक मशीन दुरुस्त झाली, दुसरी गंजली. धर्मेशभाईंचा माल अजून आलेला नाही, सध्या त्या फॉल-पिको करतात. माझ्या ममीच्या तीन साड्या मी नेऊन दिल्या. त्यांनी घेतल्या, दार लावलं.

ऑगस्टमध्ये पुन्हा पाऊस लागला. पहिल्या दिवशी सकाळी मी बाबांच्या आधीच म्हसोबाच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. ते आले, पिशवी डोक्याला बांधलेली, काठी टेकत. जा म्हणाले नाहीत, बरं केलंस म्हणाले नाहीत.

"मोज."

"सहा."

"परत."

"सहा, बाबा."

मग त्यांनी स्वतः मोजले, ओठ हलवत, वरून. आणि आम्ही बिल्डिंगकडे निघालो. एका फोनचं काम होतं. आता तळमजल्याची आठ दारं. प्रत्येक दारात ते काठी टेकून उभे राहतात, बेल वाजवतात, तोंड दिसेपर्यंत थांबतात आणि सांगतात. मी दोन पावलं मागे उभी राहते. मला बोलायची परवानगी नाही. कोणी तसं सांगितलेलं नाही.

शून्य-दोनचं दार उघडलं. बकुळामावशींनी बाबांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"किती?"

"सहा हायत."

"बरं." दार बंद.

पुढच्या दारापर्यंत पाच पावलं. बाबा मध्येच थांबले, भिंतीला हात लावला आणि वाकून गुडघा दाबला.

"दुखतंय का?" मी विचारलं.

मला वाटलं होतं, नाय गं, म्हणतील.

"दुकतंय की," ते म्हणाले. "चल. अजून सहा दारं हायत."